मागविण्यापूर्वीं मोजा : मुरूम, खडी व माती

दिवाळी सरली कीं आमच्या पारगांवच्या पंचक्रोशींत बाहेरील कामांचे दिवस सुरू होतात. कोणास अंगण भरून घ्यावयाचें असतें, कोणास गोठ्यापुढील चिखल मोडावयाचा असतो, तर कोणास शेताची वाट गाडी जाईल अशी करावयाची असते. अशा वेळीं बहुतेक गृहस्थ "दोन ट्रॉल्या मुरूम टाका" एवढाच निरोप धाडतात. परंतु ट्रॉली हें वाहन आहे, माप नव्हे. माल कमी पडला तर दुसरी खेप घ्यावी लागते, अधिक झाला तर ढीग दाराशीं पडून राहतो, आणि चुकीचा आला तर पहिल्या पावसांतच पैसे वाहून जातात. ज्या घरांत वर्षाअखेर शिल्लक थोडी, त्या घरास ही गोष्ट फार जड जाते. म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

प्रथम मापाचा विचार करूं. व्यवहारांत हा माल ब्रासनें मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात् सुमारें २.८३ घनमीटर. समजा, अंगण ३० फूट लांब व २० फूट रुंद असून त्यावर ४ इंच जाडीचा पक्का थर हवा आहे. अंगणाचें क्षेत्रफळ ६०० चौरस फूट झालें. ४ इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग. म्हणून माल २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास लागेल. पण सुटा मुरूम पाणी मारून धुम्मस केल्यावर सुमारें पांचव्या हिश्शानें खालीं बसतो. यास्तव अडीच ब्रास मागवावा.

आतां ट्रॉलीकडे वळूं. तिचा हौदा आंतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच असेल, तर काठोकाठ भरल्यास १२० घनफूट माल येतो. तोच दीड फुटापर्यंत भरला तर ९० घनफूटच येतो. म्हणून माल हौद्यांत असतांनाच टेप लावून मोजावा. ढीग ओतल्यावर मोजण्याची पाळी आलीच, तर वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं शंकूचें सूत्र आठवावें. ढिगाचा घेर २२ फूट असेल तर त्रिज्या साडेतीन फूट येते; उंची ३ फूट असल्यास घनफळ साडेअडतीस घनफूट होतें. डोळ्यांस मात्र तो ढीग याहून पुष्कळ मोठा भासतो! कित्येक क्रशरवर खडी वजनावर देतात. तेथें एक ब्रास खडीचें वजन सुमारें चार ते साडेचार टन भरतें, हें ध्यानीं ठेवावें.

दुसरा प्रश्न निवडीचा. ज्या खडकावर शिवनेरी उभा आहे व ज्यांत लेण्याद्रीचीं लेणीं कोरलीं आहेत, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण होय. तो फोडला म्हणजे डबर व खडी मिळते. ऊन-पावसानें कुजून ठिसूळ झाला म्हणजे मुरूम होतो. आणि आणखी झिजला म्हणजे त्याची काळी माती बनते. हीं एकाच कुळांतील भावंडें असलीं तरी त्यांचे स्वभाव निराळे आहेत.

मुरूम ओला करून मुठींत दाबून पाहावा. गोळा मुळींच बांधला गेला नाहीं, तर तो वाटेवर सुटाच राहील. हातास चिकटून लगदा झाला, तर त्यांत माती फार आहे असें समजावें. गोळा बांधला जाऊन खडेही वेगळे दिसत असतील, तो मुरूम चांगला. वाटेसाठीं खडी कोनेदार हवी. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) यानें रस्त्यांच्या कामीं हेंच तत्त्व प्रचारांत आणिलें. फोडलेल्या दगडाचे तुकडे एकमेकांत गुंततात. नदीचे गोल गोटे चाकाखालीं सरकतात. वाटेच्या तळाशीं ४० मिलिमीटरची खडी व तिच्या फटींत मुरूम घालावा. घरगुती काँक्रीटसाठीं सामान्यतः २० मिलिमीटरची खडी घेतात. फरशीखालीं काळी माती कधींही भरूं नये. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि वरचें काम फोडते.

शेतासाठीं मात्र मातीचें मोल निराळें. तळ्याचा गाळ हलक्या, मुरमाड जमिनीस उपकारक आहे. भारी काळ्या जमिनीस त्याची गरज नसते. राज्य सरकारनें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, तेव्हांपासून गाळ नेण्याकडे अनेकांचें लक्ष वळलें. येथेंही गणित हवें. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच थरास सुमारें ९० घनफूट, म्हणजे वर सांगितलेली दीड फूट भरलेली एक ट्रॉली लागते. एकरास अशा चाळीस ट्रॉल्या लागतील. चार ट्रॉल्या एकरभर उधळण्यापेक्षां चार गुंठे नीट भरावे, हें शहाणपणाचें.

वाळूविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. घोड व कुकडी यांच्या पात्रांतील वाळू पाणी धरून ठेवते व तें कांठच्या विहिरींस पुरविते. ती उपसून नेली म्हणजे पात्र खोल होतें, कांठ ढासळतात व विहिरींचें पाणी खालीं जातें. एकाचें अंगण स्वस्तांत व्हावें म्हणून दुसऱ्याची विहीर आटावी, हें न्याय्य नव्हे. शिवाय वाळू, दगड व मुरूम हीं गौण खनिजें असून, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ अन्वयें विनापरवाना उत्खनन व वाहतूक करणारा दंडास पात्र होतो. म्हणून पावतीबरोबर वाहतूक परवानाही पाहावा. क्रशरवर दगड दळून केलेली वाळू मिळते; चांगली पारखून तीच घ्यावी.

सारांश, मालाचा निरोप तोंडीं न देतां कागदावर लिहावा : काम कोणतें, लांबी-रुंदी-जाडी किती, मालाचा प्रकार व आकार कोणता, ब्रास किती, दर ब्रासचा कीं खेपेचा, वाहतूक त्यांत धरली आहे कीं निराळी, आणि माल कोठें उतरावयाचा. शेजाऱ्याची वाट किंवा पाण्याची नाली अडेल अशा जागीं ढीग ओतूं देऊं नये.

विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. घरीं किंवा शेजारीं ट्रॉली असेल, तर मालकाच्या परवानगीनें तिचा हौदा आंतून मोजावा व ब्रासच्या खुणा रंगानें कराव्यात. वरील मापाच्या हौद्यांत १० इंचांवर अर्धा ब्रास व २० इंचांवर एक ब्रास येतो. तशी रेघ असली म्हणजे घेणारा व देणारा या दोघांचाही वाद मिटेल.