आधी ताट, मग डबा

कोल्हापूर

चि. अनिकेत,


तुझा मेसेज मिळाला. प्रोटीनचा दोन किलोचा डबा घ्यायचाय, त्यासाठी सहा हजार हवेत, असं लिहिलंयस. पैशांचं अडणार नाही. पण त्या डब्याचा खर्च भरून काढायला तू रात्रीची मेस बंद करणार आहेस, असं ताईकडून कळलं. म्हणून फोनवर न उरकता सविस्तर लिहितोय. जेवण सोडून डबा घ्यायचा, हे मला मान्य नाही.

तुझं वजन ७० किलो. साध्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आयसीएमआर सांगते. लोखंड उचलून अंग कमवणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅम लागतं. त्याहून बरंच जास्त खाल्लं म्हणून स्नायू त्या मानाने वाढत नाहीत. म्हणजे तुझी गरज दिवसाला ११२ ग्रॅमची. आता तुझ्या मेसचं ताट घे. चार पोळ्यांत बारा-तेरा ग्रॅम, वाटीभर वरणात पाच-सहा, भातात तीन, उसळ असेल त्या दिवशी आणखी सहा-सात. एका जेवणाचे सरासरी बावीस-तेवीस धर. दोन्ही वेळचं जेवण आणि सकाळचे पोहे मिळून पन्नास. तूट उरली साठेक ग्रॅमची.

तू रात्रीचं जेवण बंद केलंस की त्यातले बावीस-तेवीस गेले. डब्यातल्या एका स्कूपमधून मिळणार चोवीस. सहा हजार घालून तू होतास तिथेच राहिलास! उलट पोळी-भाजी-भाताची ताकद गेली ती गेलीच. शरीराला दिवसाचं इंधन कमी पडलं, की ते आलेलं प्रोटीनही इंधन म्हणून जाळतं. मग स्नायू कशाने बांधायचा?

ती साठची तूट भरायला काय लागतं ते सांगतो. चार अंड्यांत चोवीस ग्रॅम. अर्धा लिटर दुधात सोळा. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सव्वीस. झाले सहासष्ट, आणि खर्च सत्तर-पंच्याहत्तर रुपये. तुझा स्कूप शंभराला पडतो, मिळतात चोवीसच. तुझ्या खोलीत किटली आहे, अंडी तिच्यातच उकडतील. वड्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, मग दोन्ही तळहातांमध्ये दाबून पाणी पार काढून टाक, परत साध्या पाण्यात धुऊन पुन्हा पिळ. हे केलं नाहीस तर वास राहतो आणि चार दिवसांत तुला वीट येईल. पिळलेल्या वड्या मेसच्या उसळीत नाहीतर रश्शात घाल. सगळं एकदम खाऊ नकोस, दिवसभरात तीन-चार वेळा विभागून घे. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेकर तोंडाला लावला नाही तर मेहनत वाया जाते, असं तुझ्या जिममध्ये कुणी सांगत असेल तर मनावर घेऊ नकोस. दिवसाची बेरीज महत्त्वाची.

मी पावडरच्या विरोधात नाही, हेही नीट समजून घे. त्या डब्यात असतं ते व्हे म्हणजे काही औषध नव्हे. चीज करताना दूध फाटून जे पाणी उरतं, ते गाळून वाळवलेलं असतं. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण वीस टक्के व्हे, बाकीचं केसीन. ते पचायला हलकं आहे आणि स्नायूला लागणारं ल्युसीन त्यात भरपूर आहे. त्याचं खरं काम बघायचं असेल तर शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आधी कटिंगवर, म्हणजे चरबी उतरवत असलेला पोरगा बघ. आपल्या व्यायामशाळेत सध्या एक जण ‘जिल्हा श्री’ची तयारी करतोय. त्याच्या डब्यात उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, बिनतेलाचं चिकन, काकडी आणि मोजून दिलेला मूठभर भात. गालफडं बसलीत, पण पोटावरची रेघ न् रेघ उठून दिसतेय. त्याला प्रोटीन वाढवायचंय आणि कॅलरी मात्र वाढू द्यायच्या नाहीत. चोवीस ग्रॅम प्रोटीन डाळीतून घ्यायचं तर शंभर ग्रॅम डाळ शिजवावी लागते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. स्कूपमध्ये तेवढंच प्रोटीन सव्वाशे कॅलरीत मिळतं. त्याच्यासाठी तो डबा पैसे वसूल करून देतो. तू अजून वजन वाढवायच्या टप्प्यावर आहेस, तुला कॅलरी हव्याच आहेत.

तालमीतल्या पैलवानाच्या खुराकाची नक्कलही करू नकोस. बदामाची थंडाई, तूप, मटण हा खुराक कुस्तीला, वजन आणि दम राखायला. तुपात प्रोटीन नसतंच. साध्या खाण्यावरही अंग कमावता येतं, त्यासाठी शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच हे नाव माहीत असू दे. उंची पाच फुटांच्या आत, १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झाले, शंभरी ओलांडून २०१६ साली गेले. त्यांचं खाणं भात, डाळ, मासे, दूध, भाजी, फळं असं साधंच असायचं. तुझ्या मेसमध्ये यातलं मासे सोडून बहुतेक सगळं आहे.

पुढेमागे डबा घेतलासच तर लेबल वाच. शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती ते आधी बघ. व्हेच्या चांगल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये सत्तर ते ऐंशी असतं, आणखी गाळलेल्या आयसोलेटमध्ये नव्वदच्या आसपास. दुधाने तुझं पोट फुगत असेल तर आयसोलेट बरं, त्यात लॅक्टोज कमी. मास गेनरच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ साखरच. केळी आणि शेंगदाण्याची चिक्की त्यापेक्षा कितीतरी बरी. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन दिसलं तर डबा परत ठेव. प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीन काढतात. ही स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो, लेबलवरचा आकडा फुगतो, स्नायूच्या वाट्याला काही येत नाही. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक बघ, झाकणाखालचं सील बघ, आणि पक्क्या बिलाशिवाय घेऊ नकोस. डबा संपला की फोडून टाक. रिकाम्या डब्यांत भेसळ भरून विकणारे आहेत.

मूत्रपिंडाची भीती ताईच्या मनात आहे. धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाला एवढ्या प्रोटीनने इजा होते असं दिसलेलं नाही, पण आधीच विकार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून एकदा रक्ताची तपासणी कर, क्रिएटिनिन बघून घे आणि रिपोर्ट तिला दाखव, तिचा जीव शांत होईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. डब्याच्या मागोमाग कुणी तुला गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ करेल. सहा महिन्यांचं काम सहा आठवड्यांत होईल म्हणेल. रक्तदाब उतरलेल्या रुग्णासाठीचं मेफेन्टरमाइन जिममधल्या पोरांना विकणाऱ्यांना पोलिसांनी पुण्यातच पकडलंय. ते हृदयाशी खेळणं आहे. स्टेरॉइडचंही तेच. असं काही समोर आलं तर हात लावू नकोस आणि मला त्याच दिवशी फोन कर, रात्रीचे बारा वाजले असले तरी. मी रागावणार नाही. नव्याने व्यायाम करणाऱ्याच्या अंगावर महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू चढला तरी पुष्कळ झालं. त्यासाठी स्क्वॅटवरचं वजन वाढत राहायला हवं आणि रात्री सात-आठ तास झोप हवी. ती तू मोबाईलपायी मोडतोस हे मला ठाऊक आहे.

उद्या अडीच हजार पाठवतो. ते अंडी, दूध आणि वड्यांचे, महिन्याभरासाठी. रात्रीची मेस चालू ठेव. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी वजन करून मला कळव. परीक्षेच्या दिवसांत धावपळीने खाणं चुकायला लागलं तर किलोचा छोटा डबा घेऊ, पण आधी लेबलचा फोटो पाठव.

तुझा,
मामा