मोटारीच्या ब्रेक-कॅलिपरला घरी रंग देताना



ट्रॅक्टरच्या जोडीला आता पुष्कळ सभासदांच्या दारात मोटारही आली आहे. शेतरस्त्याचा चिखल-पाणी लागून पुढच्या चाकांतले ब्रेकचे कॅलिपर गंजतात. त्यांना घरी रंग देता येतो. पण हे काम ब्रेकचे आहे, फाटकाला रंग देण्याइतके सोपे समजू नये.

आधी रचना पाहू. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन सरकतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड फिरत्या डिस्कला आवळतात. या घासण्याने डिस्क तापते आणि ती धग कॅलिपरलाही लागते. म्हणून साधा ऑइलपेंट तिथं टिकत नाही, पापुद्रे सुटतात. डब्यावर उष्णता सोसणारा असे लिहिलेला कॅलिपरचाच रंग आणावा.

कामाचा क्रम असा :

१) ब्रेक थंड होऊ द्यावेत. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर भरवसा नको. खाली मजबूत स्टँड द्यावा, मगच चाक काढावे.

२) तोंडाला फडके बांधावे. ब्रेकची धूळ फुंकू नये किंवा हवा मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. मग तारेच्या ब्रशाने गंज काढून ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवावा. डिझेल वापरू नये, त्याचा ओशटपणा मागे राहतो.

३) डिस्क, पॅड, रबरी नळी, पिस्टन व पिनांवरची रबरे आणि हवा काढायचा निपल कागद व चिकटपट्टीने नीट झाकावेत. रंग फक्त कॅलिपरच्या बाहेरच्या अंगाला द्यावा.

४) एकच जाड हात न मारता दोन-तीन पातळ हात द्यावेत. वाळण्याचा वेळ डब्यावर असतो, तो पाळावा. नंतर रंगावर ब्रेक ऑइल सांडू देऊ नये. ते रंग खाते.

५) कागद-पट्टी सगळी काढावी. चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. पेडल दाबून कडक लागते का पाहावे. रिकाम्या जागी हळू चालवून ब्रेक तपासावा. थोडे अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळावेत.

डिस्कवर किंवा पॅडवर रंग उडाला, ऑइल पाझरताना दिसले किंवा पेडल खाली गेले, तर गाडी बाहेर काढू नये. मेकॅनिकला घरी बोलवावे.

रंगाने गंज थांबतो, ब्रेक सुधारत नाही. गळीत हंगामात रात्री बिनदिव्याची ट्रॉली एकाएकी समोर येते. त्या वेळी कॅलिपर लाल आहे की काळा, हे कोण बघतो? गाडी थांबली पाहिजे, एवढेच खरे.