कंटूरचे पट्टे का दिसतात?

प्रश्न : गालांना उठाव यावा म्हणून कंटूरिंग करते, पण तपकिरी पट्टेच दिसतात. ब्रश बदलू का?

उत्तर : हो, बदलून पाहा. कंटूर क्रीम आहे की पावडर, हे आधी बघावे. क्रीमला दाट, कृत्रिम केसांचा ब्रश लागतो. हे केस गुळगुळीत असतात, क्रीम शोषत नाहीत. पावडरसाठी शेळीच्या केसांचा, जरा विरळ ब्रश उत्तम. नैसर्गिक केसावरचे बारीक खवले पावडर धरतात आणि थोडीथोडी सोडतात, त्यामुळे रंग एका जागी साचत नाही.

जपानच्या हिरोशिमा प्रांतातले कुमानो हे गाव ब्रशसाठीच ओळखले जाते. तिथले कारागीर आधी सुलेखनाचे कुंचले बनवत. २०११ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या जपानी महिला फुटबॉल संघाला सरकारने कुमानोचेच मेकअप ब्रश भेट दिले. इथल्या उत्तम ब्रशचे केस कापून नव्हे, तर रचून आकारात आणतात. टोके शाबूत राहतात, म्हणून स्पर्श मऊ. खरेदी करताना हा स्पर्श गालावर जरूर तपासावा.

गालासाठी तिरक्या टोकाचा, हाडाखालच्या खळगीत मावणारा ब्रश घ्यावा; नाकासाठी छोटा, निमुळता.

धुतल्यावर ब्रश आडवा वाळवावा. उभा ठेवला तर पाणी धातूच्या कड्यात उतरते, गोंद सुटतो आणि केस गळू लागतात.