बोळिंजात कूलर घेण्याआधी

मे महिन्याच्या दुपारी आमच्या बोळिंजात पत्र्याच्या शेडखाली रंधा मारायचा म्हणजे काय, हे घरात पंख्याखाली बसणाऱ्याला सांगून कळायचं नाही. एसी परवडत नाही, आणि लाकडाच्या भुशात तो टिकायचाही नाही. म्हणून कूलर. दुकानदाराला मी स्पष्ट विचारलं होतं, "इथं समुद्र जवळ, हवा दमट. चालेल ना?" तर म्हणाला, "काका, नागपूरला अख्खं गाव यावरच झोपतं!"

झोपत असेल. तिथे पारा 43 वर आणि आर्द्रता 15 टक्के असली, तर चांगल्या कूलरचा वारा 27 अंशांपर्यंत उतरतो. आपल्याकडे 34 अंश आणि 70 टक्के. अशा हवेत पाणी सुकायलाच मागत नाही. तोच कूलर 30च्या खाली जात नाही.

खरा प्रकार उघडा पडला तो पटाशीमुळे. थोड्याच दिवसांत धारेवर तांबूस ठिपके. मग आंब्याच्या लाकडाचा खण फुगून चौकटीत असा बसला, की गिऱ्हाइकाने ओढला तर मूठच हातात आली. दुकानात गेलो. शेठ म्हणतात, "खिडक्या बंद ठेवा, गारवा कोंडतो." अहो, कूलरला खिडकी उघडीच लागते! ओली हवा बाहेर गेली नाही तर शेडचं न्हाणीघर होतं. कूलर विकणाऱ्याला हे माहीत नसावं? परत घ्या म्हटलं, तर "पाणी भरलेला माल परत घेत नाही." पाणी न भरता कूलर तपासायचा कसा, हे विचारल्यावर शेठना फोन आला. स्वतः बसले होते काचेआड, एसीत.

असो. तेवढेच पैसे पत्र्यावर घाला. चुन्यात थोडा फेव्हिकॉल कालवून फेब्रुवारीअखेर दोन हात मारा. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका. हिरवी शेडनेट पत्र्याला चिकटवून काही उपयोग नाही. वीतभर वर ताणा, मधून वारा वाहिला पाहिजे. मृगाआधी सोडून ठेवा, नाहीतर वादळात शेजाऱ्याच्या माडावर शोधावी लागेल. एक्झॉस्ट आढ्याजवळ बसवा, गरम हवा तिथेच साठते. आणि पश्चिमेला खाली झरोका ठेवा, दुपारी अर्नाळ्याकडचा वारा येतो. थर्माकोलचं छत कोणी सुचवलं तर हात जोडा. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

हत्यारांना तेलाचा हात फिरवा, पाणी पीत राहा, जड काम सकाळी उरका. हे सगळेच सांगतात.

तरीही कूलर घ्यायचाच असेल, तर पक्कं बिल मात्र घ्याच. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तेच आधी विचारतात. आणि त्या बिलावर 'दमट हवेत चालेल' एवढं दुकानदाराच्या हाताने लिहून मागा. कां-कूं करू लागला, तर पायरी उतरा.