माइक घेण्याआधी गोधडी काढा!

मार्केट यार्डात गाळा असो की घरचा मसाल्याचा व्यवसाय, मालाचा व्हिडिओ आता व्हॉट्सॲपवर टाकावाच लागतो. चित्र जरा अंधुक असलं तरी गिऱ्हाईक बघतं. आवाज कळला नाही तर पुढे सरकतं. आणि 'साठ'चं 'सात' ऐकू आलं, तर भावावरून वाद ठरलेला.

बरेच जण आधी विचारतात, "माइक कोणता घेऊ?" थांबा. आधी फुकटातली कामं करू.

१. जागा
यार्डात टेम्पो, हमाल, गर्दी हे सगळं असणारच. म्हणून चित्र गाळ्यावर घ्या, आवाज घरी. टाइल्सच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. टाळी वाजवून बघा. मागे झणझणाट राहिला तर ती जागा नको. कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बोला, पाठीमागे गोधडी टांगा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर.

२. अंतर
तोंड ते माइक साधारण एक वीत. अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने घटतो, पण खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणूनच लांबून बोललं की विहिरीतून बोलल्यासारखं वाटतं. बहुतेक फोनचा माइक खाली, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती बाजू तोंडाकडे ठेवा, पण जरा तिरकी. नाहीतर प, फ, ब, भ म्हणताना हवा थेट माइकवर आदळून 'धप्प' येतं.

३. पातळी
मीटर दिसत असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. सुरुवातीला ५ सेकंद गप्प राहा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला तेवढाच तुकडा दाखवला की मागची घरघर कमी करता येते. हात हलका ठेवा; जास्त केलंत तर आवाज पाण्याखालचा वाटेल.

आजचा गृहपाठ
तुमच्या १० वस्तूंचे भाव दोनदा रेकॉर्ड करा: एकदा हातभर लांबून, एकदा वीतभर अंतरावरून. भाव माहीत नसलेल्या माणसाला ते फोनच्या स्पीकरवर ऐकवा आणि लिहायला सांगा. १० पैकी १० बरोबर आले, तर माइकचे पैसे सध्या मालात घाला!