पिकअपच्या हौद्यातील सामान सरकू नये म्हणून

शेतमाल बैलगाडीतून बाजारास जात असे त्या काळी गाडीची गती ताशी तीन-चार किलोमीटरांची होती. गाडीतील एखादे पोते सैल राहिले तरी त्यापासून मोठी हानी संभवत नसे. आज त्याच रस्त्यावरून पिकअप ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने धावते. परंतु सामान भरण्याची आपली रीत मात्र पुष्कळशी बैलगाडीच्या काळातीलच राहिली आहे. यंत्रे, खताची पोती, टोमॅटोचे क्रेट, पहार, फावडे व फवारणीचा पंप ही सर्व एकत्र हौद्यात टाकावीत, वरून एक दोर ओढावा आणि निघावे, असा प्रकार जागोजाग आढळतो.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली चूक येथे सांगणे अवश्य वाटते. चार वर्षांपूर्वी मुरघासाच्या प्रात्यक्षिकासाठी विजेच्या मोटारीवर चालणारी कडबाकुट्टी पिकअपमधून न्यावयाची होती. यंत्र लोखंडी पायांचे, वजन सुमारे एक क्विंटल. ते हौद्याच्या मध्यावर ठेवले होते. मदतनिसाने दोराविषयी विचारले तेव्हा, "एवढे जड यंत्र जाते कोठे?" असे उत्तर मी दिले. मदतनीस केबिन व यंत्र यांच्यामध्ये बसला. वाटेत कुत्रे आडवे आले, चालकाने ब्रेक दाबला आणि यंत्र सरकत जाऊन त्याच्या पायावर आदळले. घोट्याचे हाड मोडले व तो संपूर्ण खरीप हंगाम त्या गृहस्थास घरी बसून काढावा लागला. चालकाचा त्यात काहीही दोष नव्हता. सामान कसे ठेवावे हे ठरविणारा मी होतो.

जड वस्तू आपल्या जागेवरून हलत नाही, ही समजूत त्या अपघाताचे मूळ होय. उभ्या वाहनात ती खरी भासते, कारण जड वस्तू हाताने ढकलून हलत नाही. पण ब्रेक लागला की वाहन थांबू लागते आणि वस्तू मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. तिला अडविणारे घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते हे खरे. परंतु तिची पुढे जाण्याची ओढही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून दहा किलोची पेटी व शंभर किलोचे यंत्र, दोन्ही सारखीच सरकतात. फरक पडतो तो आदळण्याच्या जोरात.

हिशेब करून पाहू. भार बांधण्याच्या शास्त्रात असे धरतात की, जोराचा ब्रेक लागला असता वस्तूला पुढच्या दिशेने तिच्या वजनाच्या ०.८ पट ओढ बसते, तर वळणावर बाजूस व वेग घेताना मागे ०.५ पट. लोखंडी पत्र्यावर लोखंड ठेवले असता घर्षण वजनाच्या सुमारे ०.२ पट भरते. म्हणजे एक क्विंटलच्या यंत्राला ८० किलोची ओढ असता पत्रा फक्त २० किलोइतके धरून ठेवतो. उरलेले ६० किलो कोणी अडवावयाचे? यंत्रापुढे तीन फूट मोकळी जागा असेल, तर ती ओलांडून ते केबिनच्या फळीवर आदळते. हा आघात तेच यंत्र पावणेदोन फुटांवरून खाली टाकावे इतका असतो. मोकळी जागा एक फूट असेल तर हीच उंची सुमारे सात इंच होते, आणि यंत्र फळीला टेकलेलेच असेल तर आघातच होत नाही.

यावरून पहिला नियम निघतो. जड वस्तू नेहमी पुढे, केबिनकडील फळीला भिडवून व तळाशी ठेवावी. मधे जागा सोडणे भागच असेल तर ती लाकडी ओंडका, रिकामे क्रेट अथवा गवताच्या घट्ट पेंढ्यांनी भरून काढावी. जड माल फाळक्याकडे ठेवल्यास पुढील चाकांवरील भार कमी होऊन सुकाणू हलके पडते व घाटात वाहन आवरणे कठीण जाते. एका बाजूसही भार झुकू देऊ नये.

दुसरा उपाय अत्यंत स्वस्त असून त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे हौद्याचा तळ. गोठ्यात जनावरांखाली घालतात ती रबरी मॅट हौद्यात अंथरली असता घर्षण ०.६ पटीपर्यंत जाऊ शकते. म्हणजे वरील यंत्राचे ६० किलो मॅटच सांभाळते आणि दोराकडे २० किलोच उरतात. मॅट नसेल तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून यंत्राच्या प्रत्येक पायाखाली घालावेत. मात्र हौदा आधी झाडून घ्यावा. सांडलेले धान्य, चिखल, तेल अथवा पाणी यांमुळे रबराचा उपयोग बराचसा नाहीसा होतो. तळाशी प्लॅस्टिकचा ताडपत्रीवजा कागद अंथरण्याची प्रथा तर सोडूनच द्यावी.

दोर बांधताना तो वस्तूवरून शक्य तितका उभा खाली उतरेल असे पाहावे. दोर सरळ खाली ओढला असता त्याचा सगळा ताण वस्तूला तळाशी दाबतो. तोच तळाशी ३० अंशांचा कोन करून तिरपा गेला तर निम्माच ताण दाबण्याच्या कामी येतो. दोर हौद्याच्या चौकटीस पक्क्या केलेल्या कड्यांना बांधावा, फाळक्याच्या साखळीला कदापि नाही. नायलॉनचा दोर ताणतो व त्याची गाठ सुटते. म्हणून रॅचेटचा पट्टा घेणे परवडत असेल तर तोच घ्यावा. धारदार कडेवर पट्टा टेकत असेल तेथे गोणपाटाची घडी घालावी. यंत्रास फक्त वरून एक दोर पुरत नाही. समोरासमोर तिरपे असे दोन-दोन दोर पायांना बांधले म्हणजे ते चहूकडून धरले जाते. पाच-सात किलोमीटर गेल्यावर थांबून ताण पुन्हा तपासावा, कारण हादऱ्यांनी माल बसतो व दोर सैल पडतात.

पोत्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. विणलेल्या प्लॅस्टिकची ४५ किलोची युरियाची पोती तागाच्या गोणीपेक्षा फार निसरडी असतात. ती एकावर एक सरळ न रचता विटांप्रमाणे सांधेमोड करून रचावीत. टोमॅटोचे क्रेट एकमेकांत बसतात खरे, पण वरच्या थरावर जाळी वा पट्टा नसेल तर प्रत्येक खड्ड्यात ते उडतात आणि फळ फळावर घासते. बाजारात डागी म्हणून बाजूस पडणारा माल पुष्कळदा शेतात नव्हे, वाटेत डागी झालेला असतो.

फवारणीचे २०० लिटरचे पिंप अर्धे भरून नेऊ नये. आतील पाणी हिंदकळून पिंप उलथविते. ते रिकामे न्यावे अथवा काठोकाठ भरून उभे बांधावे. कीटकनाशके धान्य, भाजीपाला वा पेंड यांच्या संपर्कात येतील अशा रीतीने नेणे कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये निषिद्ध आहे. त्यांच्यासाठी झाकणाची वेगळी पेटी हौद्यास बांधून ठेवावी. पहार, विळे, पाने ही दुसऱ्या पेटीत. मोकळी पहार काचेतून केबिनमध्ये शिरू शकते, ही अतिशयोक्ती नव्हे.

वीस फुटी पाइप हौद्याबाहेर लोंबत नेण्याची सवय पैशाच्या दृष्टीनेही महाग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मर्यादेबाहेर माल काढून वाहन चालविल्यास २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरविण्याचा खर्च वेगळा. लांब पाइपांसाठी ट्रॉलीच घ्यावी.

मालाबरोबर हौद्यात माणूस बसवू नये, विशेषतः माल धरून ठेवण्यासाठी तर नाहीच. मुक्कामी पोहोचल्यावर फाळका समोर उभे राहून उघडू नये. प्रवासात सरकलेला माल त्यावर टेकलेला असतो. एका बाजूस उभे राहून आधी फटीतून पाहावे, मग कडी काढावी आणि दोर सर्वांत शेवटी सोडावेत.