एक गांव, अनेक नांवें

भूगोलाच्या तासाला आपण नकाशा उघडतों, तेव्हां त्यावरील प्रत्येक नांव निर्विवाद आहे असें धरून चालतों. परंतु पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत कीं, जेथें गांवास कोणत्या नांवानें ओळखावें यावरूनच दोन समाजांत वैर पडलें आहे. पूर्वीं नकाशे सरकारी खातीं तयार करीत, व एकदां छापलेलें नांव वर्षानुवर्षें टिके. आतां तसें राहिलें नाहीं. इ. स. २००४ मध्यें स्टीव्ह कोस्ट यांनीं इंग्लंडांत सुरू केलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक इंटरनेटवर मिळून तयार करितात. त्यांत कोणासही नांव लिहितां येतें, तसेंच दुसऱ्यानें लिहिलेलें बदलतांही येतें. मग वादग्रस्त प्रदेशांत एकानें सकाळीं लिहावें व दुसऱ्यानें सायंकाळीं पुसावें, असा प्रकार सुरू होतो.

भूमध्य समुद्रांतील सायप्रस बेटाचें उदाहरण घ्या. तेथें ग्रीक व तुर्की भाषा बोलणारे दोन समाज आहेत. १९७४ सालीं तुर्कस्तानच्या सैन्यानें बेटाचा उत्तर भाग व्यापला. तेव्हां उत्तरेंतील बहुतेक ग्रीक भाषिकांना दक्षिणेस, आणि दक्षिणेंतील बहुतेक तुर्की भाषिकांना उत्तरेस जावें लागलें. १९८३ सालीं उत्तरेनें आपण स्वतंत्र राज्य असल्याचें घोषित केलें. परंतु तुर्कस्तानावांचून कोणत्याही राष्ट्रानें त्यास मान्यता दिलेली नाहीं.

उत्तरेंतील गांवांना तुर्की नांवें मिळालीं. लार्नाका शहराच्या 'इस्केले' भागांतून आलेल्या तुर्की निर्वासितांनीं त्रिकोमो गांवीं वस्ती केली व त्यास 'येनी इस्केले', म्हणजे 'नवें इस्केले', असें म्हटलें. ज्यांना घर सोडावें लागलें, त्यांनीं घराचें नांव तेवढें बरोबर आणलें. आणि ज्यांचें त्रिकोमो होतें, त्यांच्या घराबरोबर गांवाचें नांवही गेलें. दोहोंकडील दुःख खरेंच आहे. २०१३ सालीं सायप्रस प्रजासत्ताकानें अधिकृत नांवांहून भिन्न नांवें छापणें हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला, यावरून हा प्रश्न किती जिव्हारीं लागलेला आहे हें दिसेल.

गंमत अशी कीं, भांडणारीं कित्येक नांवें सख्ख्या बहिणीच आहेत. राजधानीस ग्रीक लोक 'लेफ्कोसिया' व तुर्की लोक 'लेफ्कोशा' म्हणतात. शब्द एकच, जीभ मात्र निराळी.

अशा वादांसाठीं ओपनस्ट्रीटमॅपनें एक नियम स्वीकारिला आहे. त्या जागीं राहणारे लोक जें नांव वापरतात व तेथील पाटीवर जें दिसतें, तें मुख्य नांव; इतर भाषांतील नांवें, तसेंच जुनीं नांवें, निरनिराळ्या रकान्यांत लिहावयाचीं. बेल्जियमच्या राजधानींत फ्रेंच व डच या दोन्ही भाषा चालतात, म्हणून तेथें दोन्ही नांवें जोडून लिहितात. हा नियम कोणाचा हक्क खरा याचा निवाडा करीत नाहीं. आज तेथें काय आहे एवढेंच तो सांगतो. म्हणूनच निर्वासितांस तो निष्ठुर वाटतो, कारण त्यांच्या भाषेची पाटी लावावयास तेथें कोणी उरलेलें नसतें. त्यांच्यासाठीं तो निराळा रकानाच काय तो आधार. तो पुसणें म्हणजे आधींच घर गमावलेल्या माणसाची शेवटची खूण पुसणें होय.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर नाहीं. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारनें 'बेळगावी' हें नांव अधिकृत केलें. सीमाभागांतील मराठी माणूस 'बेळगांव'च म्हणतो. जुन्या शिलालेखांत त्याच ठिकाणाचें नांव 'वेणुग्राम' असें आढळतें. सीमेचा निर्णय कसाही होवो, हीं तिन्ही नांवें त्या शहराचींच आहेत.

आज तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असा नकाशा लिहितां येण्याचें साधन आहे. कोणत्याही गांवाचें नांव लिहिण्यापूर्वीं तेथील पाटी पाहावी, तेथील रहिवाशांस विचारावें, आणि तेथून गेलेल्यांचीही आठवण ठेवावी. आपलें नांव अवश्य लिहावें. मात्र तें दुसऱ्याचें पुसून नव्हे, तर त्याच्या शेजारीं लिहावें.